रात्री दहाची नोंद

नर माकडाचं रक्त सकाळी दहाला काढलं तर त्यात टेस्टोस्टेरॉन बेताचंच सापडतं. त्याच माकडाचं रक्त रात्री दहाला काढलं, की आकडा कितीतरी वर गेलेला असतो. दक्षिणेतलं हे आपलं नेहमीचं माकड, डोक्यावरच्या केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं. त्याच्या शरीरातला हा रात्रीचा चढ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. एन. आर. मौदगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला. खोलीत सतत उजेड ठेवला तर या चढउताराचं काय होतं, यावरचा त्यांचा निबंध १९७६ साली ‘नेचर’मध्ये आला. पंधरा वर्षांनी मी त्याच शहरात याच विषयाच्या एका कोपऱ्यात कामाला लागले. रात्रीच्या त्या चढापायी पाच वर्षं माझं जेवण रोज गार झालं, आणि त्याच्यामुळेच मला अण्णा भेटले.

मी मिरजेची. आजी अथणीची, म्हणून घरात मराठीच्या कडेकडेने कानडीही यायचं. कोल्हापूरला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये एक पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला भडंगाचा डबा घेऊन बंगलोरला उतरले. मॅजेस्टिकच्या स्टँडवर रिक्षावाल्याला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ म्हटलं तर तो बघतच राहिला. शेजारच्याने ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटल्यावर लगेच मीटर पाडला. आमची प्रयोगशाळा त्या आवाराबाहेर, यशवंतपूरच्या अंगाला. पण खूण सांगायची ती टाटा इन्स्टिट्यूटचीच, आणि वाचायला जायचं तेही तिथेच. त्या जुन्या दगडी इमारतीसमोरून जाताना मला कमला भागवतांची आठवण व्हायची. दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली केवळ मुलगी म्हणून तिला इथे प्रवेश नाकारला गेला, आणि ती हटली नाही. माझ्या वाट्याला तसली लढाई आली नाही, कारण ती साठ वर्षांपूर्वी कोणीतरी लढून ठेवली होती.

बाबा पत्रातून विचारायचे, संप्रेरक म्हणजे नेमकं काय ते एकदा नीट लिही. मी त्यांना आजोबांच्या खोंडाची आठवण करून दिली. दावणीला आवरत नव्हता, शिंगं मारायचा. खच्ची करून घेतल्यावर वर्षभरात नांगराला निमूट चालायला लागला आणि वशिंडही फारसं वाढलं नाही. शेतकऱ्याला हे हजारो वर्षं माहीत आहे. काढलेल्या अवयवातून रक्तात काहीतरी मिसळत असलं पाहिजे, हे मात्र १८४९ साली गॉटिंगेनच्या बर्टोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवलं. वृषणं काढलेल्या कोंबड्याच्या पोटात ती परत बसवली, तर तुरा पुन्हा लाल होतो, कोंबडा पुन्हा आरवतो, भांडतो. नसा तर तुटलेल्या. मग निरोप जातो कसा? रक्तातून. त्या निरोप्याला ‘हॉर्मोन’ हे नाव मिळालं १९०५ साली, स्टार्लिंग यांच्याकडून. आणि टेस्टोस्टेरॉन हाती लागलं १९३५ साली ॲमस्टरडॅमला: बैलांच्या १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम.

बाबांचं उत्तर आलं, ‘खोंडाचं पटलं. पण माकडाचं रक्त रात्री काढायला तुलाच का जावं लागतं?’

हे समजवायला त्यांना जरा लांबचं सांगावं लागलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यातून निघणारं एक संप्रेरक, एलएच, वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. दुसरं, एफएसएच, शुक्राणूंच्या निर्मितीला हातभार लावतं. मौदगल १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत चो हाओ ली यांच्याकडे काम करून आलेले. पीयूष ग्रंथीतली संप्रेरकं शुद्ध करण्यात लींचा हात धरणारं तेव्हा जगात कोणी नव्हतं. तिथून मौदगलांनी एक हत्यार आणलं: संप्रेरकाविरुद्धच्या अँटिबॉडी. एखादं संप्रेरक शरीरात काय करतं हे समजून घ्यायचं, तर नेमक्या त्याच्याच अँटिबॉडी देऊन तेवढं एकच अडवायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. त्यातूनच पुढे विचार आला की नराच्या शरीराला नुसतं एफएसएच अडवायला शिकवलं, तर शुक्राणू घटतील आणि टेस्टोस्टेरॉनला धक्का लागणार नाही. म्हणजे पुरुषासाठी लस. तीही पुन्हा पूर्ववत होता येईल अशी.

आज हे वाचताना प्रयोगशाळेतली एक कल्पना एवढंच वाटेल. आणीबाणीतल्या नसबंदीची दहशत ज्या देशाने पाहिली, तिथे तिचं मोल वेगळं होतं. त्यानंतर पुरुष शस्त्रक्रियेचं नाव काढू देईनात आणि कुटुंबनियोजनाचं सगळं ओझं बायकांच्या पोटावर येऊन पडलं. माझ्या दोन्ही मावश्यांची ऑपरेशनं शिबिरात झाली. काकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. पुरुषांची भीती एकच: ताकद जाते. त्या भीतीला उत्तर द्यायचं तर टेस्टोस्टेरॉन खरोखर होतं तसंच राहतं, हे आकड्यांनी दाखवायला हवं. सकाळी ते तसंही खालीच असतं. तेव्हा मोजून काय कळणार? ते जेव्हा पूर्ण भरात असतं, म्हणजे रात्री दहाला, तेव्हाच मोजायला हवं. म्हणून मी रात्री जायची.

आमच्या मॅडम मौदगलांचे निबंध वाचून वाढलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्राणिगृहात नेलं आणि तिथल्या माणसाला इंग्रजीत न सांगता कानडीत सांगितलं, ‘हिला शिकवा.’ तो माणूस म्हणजे अण्णा. पन्नाशीतले, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात शिसपेन्सिल. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण छापील कागदावर नाव आलेलं त्यांना कधीच रुचलं नाही. सगळे अण्णाच म्हणायचे. मी ‘अण्णा’ म्हटल्यावर त्यांनी मला ‘तंगी’ म्हटलं आणि मी चमकले. आपल्याकडे तंगी म्हणजे पैशाची ओढाताण. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझं अथणीच्या आजीचं कानडी ऐकून ते म्हणाले, हे तर वरच्या अंगाचं, हुबळीकडचं. तिथून पुढे आमचं बोलणं त्या मोडक्या कानडीत आणि हातवाऱ्यांत चाललं.

प्राणिगृहाच्या त्या खोलीत पाच नर होते. पहिल्या आठवड्यात अण्णांनी मला सुईला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं बसायचं. रात्री साडेनऊला यायचं, चपला बाहेर काढायच्या, ट्यूबलाइट लावायची नाही, बॅटरीवर त्यांनी बांधलेलं लाल फडकं सोडायचं नाही, आणि भिंतीला टेकून अर्धा तास बसायचं. माकडं आधी दात दाखवत, पिंजऱ्याचे गज हलवत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जण माझ्याकडे पाठ करून बसला. अण्णा म्हणाले, आता तुझी ओळख झाली. ज्याला भीती असते तो पाठ करत नाही.

हे सगळं त्यांना कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. त्यांचं गाव मागडीकडचं, घरी रेशमाचे किडे. लहानपणी रात्री उठून कंदिलाच्या उजेडात तुतीचा पाला घालायचा, आवाज करायचा नाही, तेलाचा हात लावायचा नाही, उग्र वास अंगावर घेऊन जायचं नाही. किड्यांच्या खोलीत शिकलेलं त्यांनी माकडांच्या खोलीत आणलं. मला ते शास्त्राच्या भाषेत नंतर समजलं. भेदरलेल्या प्राण्याच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसोल उसळतं आणि ताण टिकला की पीयूष ग्रंथीपासून वृषणांपर्यंतची सगळी साखळी मंदावते. घाबरलेल्या माकडाचं रक्त काढलं तर तुम्ही त्याची भीती मोजता. अण्णा प्रत्येक पिंजऱ्याशी जाऊन एकच शब्द पुटपुटायचे, ‘हेदरबेड, हेदरबेड.’ घाबरू नको. मग पिंजऱ्याची मागची जाळी इंच-इंच पुढे ओढायचे, प्राणी समोरच्या बाजूला टेकायचा, मांडीजवळची शीर बोटाने चाचपायची, आणि मी दोन मिलिलीटर रक्त घ्यायची. सुई निघाली की अण्णांच्या मुठीतून दोन शेंगदाणे त्याच्या हातात. कापसाचा बोळा दाबून धरेपर्यंत तो शेंगदाणे सोलत बसलेला असायचा.

ते शेंगदाणे कसलेही चालत नसत. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. आसपासच्या गावांतले शेतकरी पहिलं पीक नंदीला वाहतात आणि रस्ताभर शेंगांचे ढीग लागतात. अण्णा दरवर्षी तिथून स्वतःच्या पैशाने एक पोतं आणायचे. एकदा मीही बरोबर गेले. ते प्रत्येक ढिगातली एक शेंग फोडून दाणा नाकाशी धरायचे. बुरशीचा जरा वास आला तर पुढचा ढीग. प्राण्याच्या यकृताला बुरशी किती वाईट, हे मी त्यांना सांगायला गेले तर ते म्हणाले, आधी वास तर घे.

ती माकडं आमच्या कामासाठी आपण होऊन आली नव्हती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे मला तेव्हाही टोचायचं आणि आजही टोचतं. मी एवढंच म्हणू शकते की त्या खोलीत एक माणूस होता ज्याला ते रोज टोचायचं, आणि म्हणून तो तिथे तसा वागायचा. पाचांतल्या वयस्कर नराला ते ‘गौडा’ म्हणत, गावच्या पाटलासारखा बसतो म्हणून. गौडाचं रक्त काढून झालं की अण्णा त्याला हात जोडत. देखावा म्हणून करावं तर तिथे बघायला मी सोडून कोणी नसायचं.

१९९१च्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून बंगलोरमध्ये दंगल उसळली, संचारबंदी लागली. आम्ही होस्टेलच्या खिडक्या लावून बसलो होतो. संचारबंदी उठल्यावर मी धावत प्राणिगृहात गेले तर अण्णा तिथेच. घरी गेलेच नव्हते. पोत्यावर झोपून, माकडांसाठीच्या भिजवलेल्या हरभऱ्यातले मूठभर स्वतः खाऊन त्यांनी ते दिवस काढले होते. त्यांच्या वहीत त्या प्रत्येक दिवसाची नोंद होती: कोणी किती खाल्लं, कोणाचं उरलं, कोण गोळीबाराच्या आवाजाने रात्रभर जागा होता.

ही वही म्हणजे दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. कोणी त्यांना ठेवायला सांगितली नव्हती. आमची अधिकृत नोंदवही इंग्रजीत, ती मी लिहायची. अण्णांची कानडीत, शिसपेन्सिलीने. मी सुरुवातीला तिच्याकडे लक्षही दिलं नाही.

एकदा अण्णांनी विचारलं, तुम्ही रक्त नेता, त्याचं पुढे काय करता? मी म्हटलं, त्यातलं जे मोजायचं ते फार थोडं असतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाण्याने भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम साखर घाला. एका मिलिलीटरमध्ये एक नॅनोग्रॅम म्हणजे तेवढं. ते काही बोलले नाहीत. मग मी बसचं सांगितलं. मागडीची बस घ्या. सीटा चाळीस. त्या सीटा म्हणजे अँटिबॉडी. मी माझी चाळीस माणसं पाठवते, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल टोपी. हे किरणोत्सारी खूण लावलेलं टेस्टोस्टेरॉन. त्याच वेळी माकडाच्या रक्तातली बिनटोपीची माणसं चढतात. त्यांची गर्दी जितकी जास्त, तितक्या कमी लाल टोप्यांना जागा मिळते. उभे राहिलेले सगळे कोळशाची भुकटी घालून खाली उतरवायचे आणि बसलेल्या टोप्या मोजायच्या. टोप्या कमी, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त.

अण्णांनी क्षणभर विचार केला. ‘बस किती वाजताची, ते लिहिता ना? सकाळच्या बसची गर्दी वेगळी, रात्रीच्या बसची वेगळी.’

सबंध विषय त्या माणसाने एका वाक्यात धरला होता.

ही बस आमच्यापर्यंत आली ती न्यूयॉर्कहून. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात १९५०च्या दशकात ही पद्धत बांधली, इन्सुलिन मोजण्यासाठी. इन्सुलिनविरुद्ध शरीरात अँटिबॉडी तयार होतात, हे त्यांचं म्हणणं तेव्हा तज्ज्ञांना पटेना. ‘सायन्स’ने त्यांचा निबंध परत केला, आणि ज्यांनी छापला त्यांनी मथळ्यातला ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढायला लावला. १९७७ साली यॅलोंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर अमाप पैसा मिळाला असता आणि बंगलोरच्या आमच्यासारख्या प्रयोगशाळेला ती परवडली नसती. भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईत थायरॉइड आणि इन्सुलिनच्या चाचण्यांचे देशी संच बनवून गावोगाव पोचवले, त्याच्याही मुळाशी हेच आहे. ज्यांना कधी पाहिलं नाही अशांचं ऋण असं असतं.

आता जे सांगायचं त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

१९९४चा सप्टेंबर. गणपतीचे दिवस. शहरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्या रात्री नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. तीन वर्षांत मी एकाही रात्री बाहेर गेले नव्हते. म्हटलं, साडेनऊला उठून निघू. उठवेना. निघाले तेव्हा पाऊस कोसळत होता आणि बस नव्हती. प्राणिगृहात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. अण्णा दारात उभे होते, जाळ्या तयार, कापूस तयार. एक शब्द बोलले नाहीत. मी भिजलेली, धापा टाकत आत गेले. चपला काढायच्या राहिल्या आणि आल्या-आल्या ट्यूबलाइट लावली. गौडा किंचाळला. अण्णांनी दिवा बंद केला. पाचही नमुने घेतले आणि नोंदवहीत माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: वेळ २२.००.

लिहिताना हात थांबला नाही, हेच मला आजवर खुपत आलं आहे.

पाच-सहा आठवड्यांनी त्या नमुन्यांची मोजणी झाली. त्या रात्रीचे पाचही आकडे बाकीच्यांशी जुळेनात. नेमक्या त्याच वेळी आम्ही अँटिसीरमची, म्हणजे त्या बसच्या सीटांची, नवी बाटली उघडली होती. एका सशाला महिनोन्‌महिने टोचून मिळवलेलं अँटिसीरम, हजारो पट पातळ करून वापरायचं, वर्षानुवर्षं पुरणारं. मॅडमनी तक्ते पुन्हापुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, ‘वेळ तीच, माकडं तीच. बाटलीतच दोष आहे. ही बाद करू या आणि नव्याने सुरुवात करू या.’ मी समोर उभी होते. गप्प राहिले. दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत मी एक नवा ससा मनातल्या मनात टोचला आणि ती बाटली बेसिनमध्ये ओतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा चाऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. मला बघून त्यांनी वही उघडली, सप्टेंबरचं एक पान काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. कानडी अक्षर मला धड वाचता येत नव्हतं. पण बसचे नंबर वाचून वाचून आकडे येत होते. त्या ओळीत अकरा-तीस होतं. खाली अजून एक ओळ. ‘हे काय?’ मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं, ‘दिवा लागला. गौडा ओरडला. शेंगदाणे कोणी घेतले नाहीत.’

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं?

ते म्हणाले, ‘माझ्या वहीत जे झालं ते आहे. तुझी वही तुझी.’ आणि नुकतं टोक काढलेली पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘नीवे बरीरी.’ तुम्हीच लिहा. एरवी मला तंगी म्हणणारा, एकेरीत बोलणारा माणूस त्या वेळी मला ‘तुम्ही’ म्हणाला.

मी पेन्सिलीने नाही, शाईने लिहिलं. २२.०० वर एक रेघ, खोडलेलं वाचता येईल अशी; शेजारी २३.३०, दिवा लावल्याची नोंद आणि सही. मग मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, ‘अण्णांच्या सगळ्या वह्या घेऊन ये.’ पुढचे तीन दिवस चाऱ्याच्या खोलीत अण्णा मोठ्याने तारीख-वेळ वाचत होते आणि मी माझ्या तीन वर्षांच्या नोंदींसमोर एकेक टिंब देत होते. शेकडो ओळी. ती एक रात्र सोडली तर कुठेही खोट निघाली नाही. आपल्या कामाची अशी तपासणी कोणाच्याही वाट्याला क्वचितच येते. ती माझ्या वाट्याला आली ती एका पेन्सिलीच्या वहीमुळे, जी ठेवायला त्या माणसाला कोणी एक रुपया जास्त देत नव्हतं.

अँटिसीरमची बाटली वाचली. माझा प्रबंध तिच्यावर झाला आणि माझ्यानंतरच्या दोघांचाही. प्रबंधाच्या पाचही प्रतींत आभाराच्या पानावर मी अण्णांचं नाव हाताने कानडीत लिहिलं. छापायच्या यंत्रात कानडी अक्षरं नव्हती, आणि छापलेलं नको हा त्यांचा आग्रहही त्यात सांभाळला गेला. त्यांना ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्या अक्षरातली एक मात्रा चुकलेली दाखवली. पाचही प्रतींत दुरुस्त करून घेतली.

१९९६च्या अखेरीस मी मिरजेला परत आले. पुढच्या वर्षी मॅडमनी एका निबंधाची झेरॉक्स पाठवली. मौदगल आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या एफएसएचची लस पाच पुरुष स्वयंसेवकांना दिली होती. त्यांच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या आणि टेस्टोस्टेरॉनवर परिणाम झाला नाही. पाचच माणसं, प्राथमिक प्रयोग. लस बाजारात कधी आली नाही. पण ते पान वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लाल फडकं बांधलेली बॅटरी होती.

अण्णांना शेवटचं भेटले ते त्यांच्या गावी. निवृत्त होऊन परत तुतीत रमले होते. मला बसवून चहा दिला, किड्यांच्या खोलीत नेलं. दारातच मी चपला काढल्या. ते हसले. ‘बसमधली गर्दी अजून मोजतेस?’ मी हो म्हटलं. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचं पार्सल आलं. आत १९९४ची वही होती.

मी आता मिरजेतल्या एका लॅबमध्ये संप्रेरकांच्या चाचण्या बघते. किरणोत्सार गेला, कोळशाची भुकटी गेली. यंत्र प्रकाशाच्या खुणेवर मोजतं आणि अर्ध्या तासाच्या आत आकडा देतं. बस मात्र तीच आहे, आणि गर्दीची वेळही. माणसाचं चक्र त्या माकडांच्या उलट: पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी भरात असतं आणि संध्याकाळकडे उतरतं. कामावरून सुटून संध्याकाळी सहाला रक्त देऊन गेलेला तिशीतला तरुण कमी आकडा बघून हादरतो, गोळ्यांच्या मागे लागतो. त्याला मी परत बोलावते, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि एकदा नाही, दोन वेगवेगळ्या दिवशी. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. आणि प्रोलॅक्टिनच्या तपासणीला आलेल्या बाईला मी आल्या-आल्या सुई लावू देत नाही. जिने चढून, रिक्षावाल्याशी भांडून, मूल होत नाही म्हणून घरच्यांचं ऐकून ती आलेली असते. त्या धसक्यानेच प्रोलॅक्टिन वर जातं. तिला पंख्याखाली अर्धा तास बसवते. घाबरू नका, म्हणते.

आमच्या मुली कधीकधी कुरकुरतात, रांग वाढते म्हणून. मी त्यांना ती खाकी वही दाखवते.

तुम्ही रक्त द्यायला जाल, आमच्याकडे किंवा कुठेही, तेव्हा चिठ्ठीवर वेळ लिहायची एक छोटी चौकट असते. बहुतेक जण ती कोरी सोडतात, किंवा काउंटरवरची मुलगी अंदाजाने काहीतरी भरते. ती तुम्ही स्वतः भरा. कधी जेवलात, गोळी कधी घेतलीत, रात्री झोप लागली का, तेही सांगा. घड्याळात बघा, आणि जी वेळ असेल तीच लिहा.